डाव्या हाताचे काम : छोटा सिंथेसायझर निवडताना

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान असलेले कोपर स्थानक दोन पातळ्यांवर आहे. खालच्या फलाटांवर मुंबई–कल्याण मार्गावरील लोकल थांबतात, तर वरच्या फलाटांवर वसई–दिवा मार्गावरील गाड्या येतात. या भागात राहून ठाणे, कल्याण किंवा मुंबई येथे कार्यक्रमासाठी, शिकवणीसाठी अथवा तालमीसाठी ये-जा करणाऱ्या वादकाच्या दृष्टीने वाद्याची लांबी आणि वजन या गौण बाबी राहत नाहीत, कारण स्थानकाचा जिना, गर्दीचा डबा आणि एक-दोन खोल्यांचे घर या तिन्ही ठिकाणी त्या वाद्याला जागा मिळावी लागते. काखोटीला मारून नेता येईल अशा छोट्या कीबोर्ड सिंथेसायझरला या परिसरात मागणी असते ती त्यामुळेच, आणि ती मागणीही एका प्रकारची नसते. लोकलच्या डब्यात भजन करणारी मंडळे, आगरी-कोळी समाजातील हळदीच्या कार्यक्रमांना साथ करणारे संच, कल्याण गायन समाजासारख्या संस्थांच्या वातावरणात शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेले विद्यार्थी आणि घरच्या संगणकावर चाली बांधणारे तरुण संगीतकार या सर्वांना छोटे वाद्य हवे असले, तरी त्या प्रत्येकाला वेगळे छोटे वाद्य हवे असते.

वाद्याची तुलना मात्र बहुधा एकाच मापाने होते, आणि ते माप म्हणजे त्यात किती ‘टोन’ आणि किती ‘रिदम’ आहेत हे होय. चारशे ध्वनी असलेले वाद्य चाळीस ध्वनी असलेल्या वाद्यापेक्षा दहापट चांगले, असा हिशेब ग्राहक नकळत करतो आणि जाहिरातही त्याला त्याच दिशेने नेते. परंतु मराठी कानाला सवयीच्या संगीतात सूर लावला जातो त्याइतकाच तो वळवला, घासला, ओढला आणि सोडला जातो; म्हणून हा हिशेब त्या संगीताला पुरा पडत नाही. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा हात भाता चालवून सुराला श्वास पुरवत असतो. सिंथेसायझरला भाता नसतो, त्यामुळे डावा हात मोकळा होतो; त्या मोकळ्या हाताला वाद्याने कोणते काम दिले आहे, हा निवडीचा खरा प्रश्न ठरतो.

एका वेळी एकच सूर

या प्रश्नाचे महत्त्व मुंबईच्याच संगीताच्या इतिहासात दिसते. १९५४ साली प्रदर्शित झालेल्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटाला हेमंतकुमार यांचे संगीत होते आणि त्यातील पुंगीचे सूर देशभर गाजले. ते सूर प्रत्यक्ष पुंगीवर नव्हे, तर क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या छोट्या वाद्यावर कल्याणजी वीरजी शाह यांनी वाजवले होते. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतून प्रसिद्ध झालेले कल्याणजी मुंबईच्या गिरगावात मराठी आणि गुजराती वस्तीत वाढले होते. क्लॅव्हिओलिन हे वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केले. त्याला साधारण तीन सप्तकांच्या पट्ट्या असत, ध्वनिवर्धक आणि स्पीकर वेगळ्या पेटीत असत, आणि एका वेळी त्यातून एकच सूर निघत असे.

आजच्या तक्त्यांच्या भाषेत बोलायचे, तर या वाद्याची क्षमता अगदीच तुटपुंजी होती. तरीही त्यातून पुंगीचा भास निर्माण झाला, कारण वादकाला सुराच्या कंपनावर आणि आवाजाच्या चढउतारावर ताबा ठेवता येत होता. आवाज कमी-जास्त करण्यासाठी या वाद्याला गुडघ्याने ढकलायची एक दांडी असे, म्हणजे पेटीत जे काम भाता करतो त्याच्या जवळचे काम येथे गुडघा करत होता आणि हात सुरांसाठी मोकळे राहत होते. एका वेळी एकच सूर निघणे ही पियानोवर पाश्चात्त्य रचना वाजवणाऱ्याच्या दृष्टीने अडचण असली, तरी एका सुरामागून दुसरा सूर घेत जाणाऱ्या भारतीय स्वरावलीला तिचा फारसा जाच होत नाही.

पुढच्या काळात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणला, आणि १९८२ मध्ये मुंबईचेच वादक चरणजित सिंग यांनी यमन, भूपाळी, मालकंस अशा दहा रागांवर आधारलेली एक ध्वनिमुद्रिका केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर केली. त्या ध्वनिमुद्रिकेत रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ या मोठ्या सिंथेसायझरबरोबर टीबी-३०३ ही बॅटरीवरही चालणारी छोटी पेटी वापरली होती. बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलेल्या या पेटीत एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय होती, आणि मींडेची सवय असलेल्या कानाला ती सोय आपलीशी वाटावी यात नवल नाही. ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी चालली नाही. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर मात्र जगभरच्या श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडे वळले.

नावात सारखे, घडणीत वेगळे

बोलीभाषेत पट्ट्या असलेल्या कोणत्याही विजेच्या वाद्याला ‘कॅसिओ’ म्हणण्याची पद्धत आहे. त्या कंपनीने १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ हे आपले पहिले वाद्य बाजारात आणल्यानंतर स्वस्त आणि सुटसुटीत कीबोर्ड मध्यमवर्गीय घरांत पोहोचले, त्याचा हा परिणाम आहे. परंतु या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या प्रकारची वाद्ये येतात आणि त्यांतील फरक समजून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही.

पहिला प्रकार अरेंजर कीबोर्डचा आहे. यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवलेले असतात आणि पट्टी दाबली की तो नमुना योग्य उंचीवर वाजतो. त्याबरोबर डाव्या हाताने धरलेल्या स्वरसमूहानुसार ताल, बास आणि साथसंगत आपोआप वाजवणाऱ्या ‘स्टाइल’ असतात. भारतीय बाजारासाठी काढलेली यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि नावाच्या शेवटी ‘आयएन’ ही अक्षरे लावलेली कॅसिओची काही मॉडेल या प्रकारात मोडतात. पीएसआर-आय५०० मध्ये तबला आणि तानपुरा यांची साथ देणारी ‘रियाज’ नावाची सोयही दिलेली आहे.

दुसरा प्रकार हा खरा सिंथेसायझर होय. यात ध्वनी आयता साठवलेला नसतो, तो घडवावा लागतो. आंदोलक हा भाग एक साधी, कर्कश म्हणावी अशी लहर निर्माण करतो. फिल्टर हा भाग त्या लहरीतील वरची कंपने कापून तिला मऊ किंवा तीक्ष्ण करतो. आणि एन्व्हलप हा भाग तो ध्वनी किती वेगाने उमटावा, किती काळ टिकावा आणि पट्टी सोडल्यावर कसा विरावा हे ठरवतो. तबल्याचा ‘ना’ क्षणात उमटतो आणि लगेच विरतो, उलट बासरीचा सूर हळूहळू भरत जातो आणि फुंकर असेपर्यंत टिकतो. हा फरक एन्व्हलपचा आहे. हे भाग हातात असतील तर एकाच आंदोलकातून पुंगी, शंख, सनई किंवा कोणत्याही वाद्याशी न जुळणारा नवा ध्वनी निघू शकतो. काही वाद्यांत लहरी निर्माण करण्याची पद्धत वेगळी असते, पण घडवण्याचे तत्त्व तेच राहते.

तिसरा प्रकार मिडी कंट्रोलरचा. या वाद्याला स्वतःचा आवाजच नसतो. कोणती पट्टी, किती जोराने आणि किती वेळ दाबली एवढी माहिती ते संगणकाला किंवा मोबाइलला पाठवते आणि ध्वनी तिकडे तयार होतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेली मिडी ही संकेतपद्धती १९८३ मध्ये प्रत्यक्षात आली आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही तीच वापरात आहे. कंट्रोलर सर्वांत हलका असतो. पण मोबाइलची बॅटरी, जोडणीची तार आणि पट्टी दाबल्यापासून ध्वनी ऐकू येईपर्यंत होणारा विलंब, ज्याला वादक ‘लॅटन्सी’ म्हणतात, या तिन्हींची जबाबदारी वादकावर येते. ब्लूटूथवरून ध्वनी ऐकला तर हा विलंब इतका वाढू शकतो की ठेक्याबरोबर वाजवणे कठीण होते. तारेचे हेडफोन त्यासाठीच अजून टिकून आहेत.

मींड, पट्टी आणि ट्यूनिंग

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागचे दोन मुख्य आक्षेप असे होते की पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे सूर भारतीय स्वरांच्या जागांवर नेमके बसत नाहीत. गोविंदराव टेंबे यांच्यापासून तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंतच्या महाराष्ट्रातील पेटीवादकांनी त्या मर्यादांतूनच वादनाची एक स्वतंत्र शैली उभी केली ही गोष्ट वेगळी. पण ते दोन आक्षेप छोट्या सिंथेसायझरची पारख करण्यासाठी आजही उत्तम कसोटी ठरतात.

पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून पिच बेंड हे चाक किंवा ही दांडी असते. ती पुढे ढकलली की सूर चढतो, मागे ओढली की उतरतो आणि सोडली की मधल्या जागी परत येतो. बहुतेक वाद्यांत हा पल्ला कारखान्यातून दोन अर्धस्वरांचा ठेवलेला असतो, म्हणजे पांढरी एकवर षड्ज धरला तर चाक पूर्ण ढकलल्यावर शुद्ध रिषभ मिळतो. गंधारापर्यंत जायचे असेल तर पल्ला चार अर्धस्वरांचा करावा लागतो आणि तो तसा बदलता येतो की नाही हे आधी पाहावे लागते. उतरती मींड घेण्याची रीत थोडी उलटी आहे. गंधारावरून रिषभावर यायचे असेल तर चाक आधीच पूर्ण वर ढकलून ठेवून रिषभाची पट्टी दाबायची, म्हणजे कानाला गंधार ऐकू येतो, आणि मग चाक सावकाश सोडत आणायचे, म्हणजे सूर ओघळत रिषभावर येतो. दुकानात बासरीचा ध्वनी निवडून ही एकच क्रिया चार-पाच वेळा करून पाहिली, की सूर सलग सरकतो की पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो आणि चाक सोडल्यावर सूर नेमका जागेवर येतो की नाही, हे दोन्ही लगेच कळते.

याच कामाचे दुसरे साधन पोर्टामेंटो किंवा ग्लाइड हे आहे. यात एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेल्यावर सूर उडी न मारता घसरत जातो आणि घसरण्याचा वेळ वादकाला ठरवता येतो. चाकाने घेतलेली मींड हाताच्या अंदाजावर अवलंबून असते, तर ग्लाइडने घेतलेली मींड दर वेळी सारख्याच वेळात पूर्ण होते. म्हणून दोन्ही सोयी एकमेकींना पूरक आहेत, पर्याय नाहीत.

दुसरा आक्षेप स्वरांच्या जागांचा आहे. आधुनिक कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग १०० सेंट धरला जातो. त्यामुळे कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो, म्हणजे कीबोर्डचा गंधार जवळपास १४ सेंट चढा लागतो. चित्रपटगीत किंवा भावगीत वाजवताना हा फरक खपून जातो, पण तानपुरा लावून यमन आळवताना तो कानाला टोचतो. पेटीच्या बाबतीत या प्रश्नाला डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या हार्मोनियमची रचना करून उत्तर दिले. सिंथेसायझरच्या बाबतीत काही मॉडेलमध्ये प्रत्येक सूर स्वतंत्रपणे काही सेंटांनी चढवण्याची वा उतरवण्याची सोय असते. शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थ्याने ‘स्केल ट्यूनिंग’ किंवा ‘मायक्रोट्यूनिंग’ असा उल्लेख माहितीपुस्तिकेत आहे का हे शोधावे. कॉर्ग कंपनीच्या मिनीलॉग आणि मोनोलॉग या छोट्या सिंथेसायझरमध्ये तशी सोय आहे.

याखेरीज रोजच्या साथीत दोन साध्या सोयी निर्णायक ठरतात. गायकाची पट्टी काळी एक असो की काळी चार, ट्रान्सपोज या सोयीमुळे वादकाला आपल्या सवयीच्या जागीच बोटे ठेवून ती पट्टी मिळवता येते. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवून जे साधते, ते येथे बटणाने होते. मात्र ट्रान्सपोजचे बटण चुकून दाबले जाण्याजोग्या जागी आहे का आणि त्याचा आकडा पडद्यावर सतत दिसतो का, हे पाहणे आवश्यक असते. दुसरी सोय बारीक ट्यूनिंगची. भजनी मंडळाची जुनी पेटी आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या, म्हणजे ४४० हर्ट्झच्या धैवताच्या, थोडी खाली किंवा वर लागलेली असणे नेहमीचेच आहे. पेटीच्या पितळी जिभा कार्यक्रमाच्या ठिकाणी घासून सुरात आणता येत नाहीत, म्हणून कीबोर्डलाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. ही सोय नसलेले वाद्य पेटीशेजारी ठेवले, तर त्यात शेकडो ध्वनी असूनही ते बेसूरच वाजते.

पट्ट्यांची संख्या, रुंदी आणि स्पर्श

पियानोच्या मापाच्या पट्ट्यांवर एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंदीत बसते. ६१ पट्ट्यांचे, म्हणजे पाच सप्तकांचे वाद्य त्यामुळे जवळपास मीटरभर लांब होते. लांबी कमी करण्याचे दोनच मार्ग असतात : पट्ट्या कमी करणे किंवा पट्ट्या लहान करणे. पहिल्या मार्गाने गेलेल्या वाद्यात बोटांची सवय मोडत नाही, पण दोन्ही हातांनी वाजवण्यास जागा उरत नाही. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या वाद्यात तीन सप्तके हाताच्या टप्प्यात येतात, पण मोठ्या माणसाची बोटे काळ्या पट्ट्यांमध्ये अडकतात. पेटीवर बसलेल्या हाताला लहान पट्ट्यांची सवय तुलनेने लवकर होते, कारण पेटीच्या पट्ट्याही पियानोच्या पट्ट्यांपेक्षा आखूड असतात. पियानोच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलाला मात्र लहान पट्ट्यांचे वाद्य घेऊन देणे योग्य नाही.

गायकाचा पल्ला सामान्यतः दोन सप्तकांच्या आसपास असतो, त्यामुळे एकाच स्वरावलीची साथ करण्यासाठी ३७ पट्ट्या म्हणजे तीन सप्तके पुरतात आणि सप्तक वर-खाली सरकवणारे बटण असले तर पल्ल्याची अडचणही राहत नाही. एकाच वेळी किती सूर वाजू शकतात, ज्याला पॉलिफोनी म्हणतात, हा आकडा पियानोसारख्या ध्वनीवर सस्टेन पेडल दाबून वाजवताना महत्त्वाचा ठरतो, कारण दाबून सोडलेले सूरही विरेपर्यंत मोजले जातात. बासरी किंवा व्हायोलिनची एकेरी स्वरावली वाजवताना त्याला फारसे महत्त्व नसते.

स्पर्शसंवेदन हा यापेक्षा महत्त्वाचा गुण आहे. पट्टी जोरात दाबली तर मोठा आणि हळू दाबली तर लहान आवाज देणारे वाद्य आणि कसेही दाबले तरी सारखाच आवाज देणारे वाद्य यांच्यात मोठे अंतर पडते. भाता नसलेल्या वाद्यात सुराला चढउतार देण्याचा हा पहिला मार्ग असतो. कॅसिओची सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० ही दोन मॉडेल शेजारी ठेवली, तर हा मुद्दा नेमका दिसतो. दोन्हींत पियानोच्या मापाच्या ६१ पट्ट्या आहेत, दोन्हींचे वजन सुमारे ३.३ किलो आहे, दोन्ही सहा एए सेलवर चालतात, दोन्हींना उचलण्यासाठी अंगचीच मूठ आहे आणि दोन्हींत ४०० ध्वनी आहेत. फरक एवढाच की सीटी-एस३०० मध्ये स्पर्शसंवेदन आणि पिच बेंडचे चाक आहे, तर सीटी-एस२०० मध्ये ही दोन्ही नाहीत. ध्वनींची संख्या हा निकष धरला तर दोन वाद्ये सारखीच ठरतात. डाव्या हाताच्या कामाचा निकष धरला तर ती दोन वेगळी वाद्ये ठरतात.

लहान पट्ट्यांच्या वाद्यांतही असाच फरक आढळतो. यामाहाचे पीएसएस-ए५० हे ३७ लहान पट्ट्यांचे वाद्य सुमारे १.२ किलो वजनाचे आहे, त्यात स्पर्शसंवेदन आहे आणि ते चार एए सेलवर किंवा यूएसबीच्या तारेने मिळणाऱ्या विजेवर चालते, पण त्यात चाक नाही. त्याऐवजी ‘मोशन इफेक्ट’ नावाचे बटण सुराला किंवा त्याच्या रंगाला आधी ठरवून दिलेल्या रीतीने हलवते. याच कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या रिफेस मालिकेतील सीएस आणि डीएक्स या मॉडेलना ३७ लहान पट्ट्यांबरोबर सूर वाकवण्याची दांडी आणि अंगचे स्पीकर आहेत; त्याच मालिकेतील सीपी आणि वायसी यांना ती दांडी नाही, कारण ती इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गनच्या ध्वनींसाठी बनवलेली आहेत. कॉर्गचा मायक्रोकॉर्ग २००२ पासून वादकांच्या हाती आहे. त्याला ३७ लहान पट्ट्या, दोन चाके आणि बॅटरीची सोय आहे, पण एका वेळी चारच सूर वाजतात आणि स्पीकर नसल्याने हेडफोन किंवा बाहेरचा ध्वनिवर्धक लागतो. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीक या २०१९ मधील वाद्याच्या पट्ट्या तर हलतच नाहीत. २५ सपाट पट्ट्यांवर बोट किती टेकले आहे हे वाद्याला कळते आणि त्यानुसार ध्वनी बदलतो. एक किलोच्या आसपास वजन असलेले हे वाद्य ध्वनी घडवणाऱ्याला आनंद देते, पण पेटीवरून आलेल्या वादकाला पट्टी खाली न जाण्याची सवय करून घ्यावी लागते.

वीज, आवाज आणि खाडीकाठची हवा

लोकलच्या डब्यात, मिरवणुकीत किंवा मैदानातल्या तालमीत वाजवायचे असेल तर बॅटरीवर चालणे आणि अंगचे स्पीकर असणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. मात्र छोट्या वाद्यांचे स्पीकर बहुधा दोन-तीन वॅटचे असतात. टाळ-मृदंगाच्या गजरात ते ऐकू येत नाहीत आणि हळदीच्या मांडवात तर त्यांचा उपयोगच होत नाही. मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजोचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे : जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून आलेला हा तारांचा प्रकार मूळचा हळू आवाजाचा असून ध्वनिवर्धकाला जोडल्यावरच तो मुंबई-कोकणातील मिरवणुकांचे प्रमुख वाद्य झाला. कीबोर्डच्या बाबतीतही बाहेर ध्वनी देणारी जोडणी कोणती आहे हे त्यासाठीच पाहावे लागते. केवळ हेडफोनची लहान जागा असेल तर तिथूनच मिक्सरला तार जोडावी लागते आणि ती जोडताच अंगचे स्पीकर बंद होतात, त्यामुळे वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू येत नाही; पाव इंची जॅकच्या स्वतंत्र जोडण्या असलेले वाद्य रंगमंचासाठी अधिक सोयीचे असते.

घरी सरावासाठी मात्र हेडफोनची जोडणीच सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण एकमेकांना लागून असलेल्या घरांत शेजाऱ्यांना त्रास न देता रात्री वाजवण्याचा तो एकमेव मार्ग असतो. सार्वजनिक ध्वनिवर्धकांवर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निर्बंध असल्याने मांडवातले वादनही त्याआधी संपवावे लागते आणि नंतरची तालीम घरात हेडफोनवरच होते.

अॅडॉप्टरच्या बाबतीत निष्काळजीपणा महागात पडतो. कॅसिओच्या अनेक जुन्या वाद्यांना ९ व्होल्टचा आणि आतले टोक ऋण असलेला अॅडॉप्टर लागतो, तर यामाहाच्या बऱ्याच वाद्यांना १२ व्होल्टचा आणि आतले टोक धन असलेला. दोन्हींची पिन सारखी दिसली तरी अदलाबदल केल्यास वाद्य बिघडू शकते, म्हणून वाद्याच्या पाठीवरील चिन्ह वाचूनच अॅडॉप्टर घ्यावा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात वाद्य वापरून झाल्यावर सेल काढून ठेवणे, झाकून ठेवणे आणि पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवणे या सवयींनी वाद्याचे आयुष्य वाढते.

वापरलेले वाद्य घेताना तपासणी क्रमाने करावी. सर्व पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकेक करून हळू आणि जोरात दाबाव्यात, कारण पट्ट्यांखालच्या रबरी पट्टीवरचे कार्बनचे ठिपके झिजले की काही सूर लागत नाहीत किंवा एकदम मोठे वाजतात. आवाजाची कळ फिरवताना खरखर येते का हे ऐकावे. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर दिसतो का हे पाहावे. आणि चाक दहा वेळा सोडून सूर दर वेळी त्याच जागी येतो का याची खात्री करावी. हीच तपासणी नव्या वाद्याचीही करता येते, आणि मुंबईत धोबी तलावच्या परिसरात १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानांत अनेक वाद्ये शेजारी-शेजारी वाजवून पाहण्याची जी संधी मिळते, ती केवळ छायाचित्र आणि तक्ता पाहून केलेल्या खरेदीत मिळत नाही.

निवडीचा क्रम

या सर्व विवेचनावरून निवडीचा एक क्रम सुचतो. वाद्य कुठे वाजणार आणि तिथवर कसे जाणार, हे प्रथम ठरवावे; त्यावरून लांबी, वजन, बॅटरी आणि स्पीकर यांचा निकाल लागतो. त्यानंतर कोणते संगीत वाजणार हे पाहावे. भजनाच्या साथीला बारीक ट्यूनिंग, ट्रान्सपोज आणि स्पर्शसंवेदन हवे. हळदीच्या आणि उत्सवाच्या संचाला ऑक्टापॅड या विजेच्या तालवाद्याच्या ठोक्यांतूनही ऐकू येईल असा धारदार ध्वनी, पिच बेंड आणि मिक्सरला नीट जोडता येणारी जोडणी हवी. शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थ्याला तानपुरा-तबल्याची साथ आणि शक्य असल्यास स्केल ट्यूनिंग हवे. चाली बांधणाऱ्याला फिल्टर आणि एन्व्हलप हातात देणारा खरा सिंथेसायझर किंवा संगणक असल्यास साधा कंट्रोलर पुरे. लहान मुलासाठी पूर्ण मापाच्या पट्ट्या आणि स्पर्शसंवेदन यांपलीकडे फारसे काही पाहण्याची गरज नसते.

यानंतर डाव्या हाताची परीक्षा घ्यावी : चाक आहे का, त्याचा पल्ला बदलता येतो का, ग्लाइड आहे का आणि हे सर्व वाजवता-वाजवता, पडद्यावरच्या यादीत न शिरता हाताशी येते का. ध्वनींची संख्या हा निकष या क्रमात सर्वांत शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा त्याची पाळी येण्याआधीच निवड झालेली असते.